पीओ संपत आलाय: ऑन रोल, थर्ड पार्टी की रिटेनर?

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, बेलापूर. ठाणे-नवी मुंबईच्या या पट्ट्यात तीन-चार महिन्यांच्या कन्सल्टिंगवर माणूस घेणं आता रोजचंच झालंय. ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचंय, ऑडिटची तयारी करायचीय, रबाळ्यातल्या प्लँटचं मेंटेनन्स वेळापत्रक लावून द्यायचंय. पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे कामाचा लेखी आदेश) निघतो, काम सुरू होतं. पीओ संपायला महिना उरला की साहेब चहाच्या टेबलावर म्हणतात, "तुम्ही आमच्याकडेच का नाही येत?" या वाक्यामागे तीन वेगवेगळे रस्ते असतात. कंपनीच्या रोलवर थेट नोकरी, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर बसून त्याच खुर्चीत काम, किंवा आहे तोच करार रिटेनर म्हणून पुढे चालू. साहेबांच्या मनात यातलं कोणतं आहे हे त्याच चहावर विचारून घ्या. बऱ्याचदा त्यांनाही ते अजून माहीत नसतं.

आकडे शेजारी शेजारी

सर्वात जास्त फसगत होते ती एका गुणाकारात. सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च. "तुमची फी महिना सव्वा लाख, म्हणजे सीटीसी पंधरा लाख. बरोबरीतच झालं की." एचआर असं म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नाही, पण बँकेत येणारी रक्कम बरोबरीत नसते. खालचा हिशेब २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचा आहे. बेसिक सीटीसीच्या निम्मं, व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग) १० टक्के आणि पीएफ पूर्ण बेसिकवर धरला आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही याच सीटीसीत मोजली आहे.

| | कन्सल्टंट, महिना १,२५,००० | ऑन रोल, सीटीसी १५,००,००० |
|---|---|---|
| दरमहा कपात | टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) १२,५०० | पीएफ ७,५००, व्यवसाय कर २००, आयकर सुमारे ६,५०० |
| दरमहा हातात | १,१२,५०० | सुमारे ८७,८०० |
| वर्षाअखेर | टीडीएसचा हिशेब रिटर्नमध्ये | व्हेरिएबल १,५०,००० (पूर्ण मिळालं तर) |
| पीएफ खात्यात वर्षाला | नाही | दोन्ही बाजूंचे मिळून १,८०,००० |
| ग्रॅच्युइटी | नाही | सीटीसीत सुमारे ३६,००० दाखवलेली, पात्र झालात तरच |
| रजा | घेतली तर बिल कमी | पगारी |

महिन्याला जवळजवळ पंचवीस हजारांनी हात आखडतो. हे पाहून अनेकजण तिथेच नकार देतात आणि चुकतात. वर्षाचं गणित मांडा. ऑन रोल माणसाकडे हातातला पगार, व्हेरिएबल आणि पीएफ मिळून सुमारे १३ लाख ८४ हजार राहतात. कन्सल्टंटचं वर्ष मात्र क्वचितच बारा महिन्यांचं असतं. एक पीओ संपून दुसरा निघेपर्यंत महिना सहज जातो. अकरा महिन्यांचं बिल १३ लाख ७५ हजार. त्यातून लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सीए असा कामाचा खर्च ७५ हजार आणि स्वतःचा आरोग्य विमा २५ हजार गेला की उरतात १२ लाख ७५ हजार.

यावर कर किती, हे तुमच्या पेशावर ठरतं. अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखाकर्म, कायदा, वैद्यक, अंतर्गत सजावट, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक पेशांना अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: जमेच्या ५० टक्के उत्पन्न दाखवा, हिशेबाच्या वह्या नकोत. मर्यादा ५० लाख, आणि रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. वरच्या उदाहरणात उत्पन्न ६ लाख ८७ हजारांवर येतं, १२ लाखांच्या आतल्या सवलतीमुळे कर शून्य होतो आणि कापलेला सगळा टीडीएस परत येतो. मार्केटिंग किंवा भरतीचा सल्ला देणाऱ्यांचं नाव मात्र या यादीत नाही. त्यांना खऱ्या नफ्यावर, म्हणजे बिलातून फक्त कामाचा खर्च वजा करून उरणाऱ्या १३ लाखांवर, ७८ हजार कर बसतो आणि हातात १२ लाखांना थोडे कमी राहतात. म्हणजे एकाच फीवर काम करणारे दोन कन्सल्टंट, एक इंजिनिअर आणि एक मार्केटिंगवाला, यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. मार्केटिंगवाल्याने पंधरा लाखांची ऑफर घ्यावी. इंजिनिअरकडे बारा महिने काम नक्की असेल तर त्याला ती बरोबरीची वाटेल. तशी खात्री नसेल तर त्यानेही घ्यावी.

जीएसटीची २० लाखांची पायरी लक्षात असू द्या. वर्षाची जमा त्यापलीकडे गेली, म्हणजे फी महिना १,६६,६६६ च्या वर असली, की नोंदणी, १८ टक्के आकारणी आणि नियमित रिटर्न आलीच. कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत असेल तर तिला फरक पडत नाही. डोकेदुखी फक्त तुमची.

साहेब खूश असूनही ऑफर का येत नाही

काम चांगलं केलं की नोकरी आपोआप मिळते, हा समज या वाटेवर सर्वात महागात पडतो. कन्सल्टंटची फी बहुतेक कंपन्यांत व्यावसायिक शुल्काच्या खात्यातून जाते. ते खातं विभागप्रमुखाच्या सहीत असतं. पगार मात्र हेडकाउंटमधून (मंजूर पदांच्या संख्येतून) जातो, आणि एक डोकं वाढवायला एचआर, फायनान्स, कधी थेट मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. मग तुमच्या कामावर खूश असलेला साहेब सर्वात सोपं तेच करतो: पीओ आणखी तीन महिने वाढवतो. तुम्हाला वाटतं विश्वास वाढला. प्रत्यक्षात मंजुरी मागायची गरजच संपलेली असते.

म्हणून विचारण्याची वेळ कामापेक्षा कॅलेंडरवर ठरवा. एप्रिल-मार्च वर्ष असलेल्या कंपन्यांत पुढच्या वर्षाची माणसं साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मोजली जातात. त्यात तुमची जागा घातली गेली तर एप्रिलनंतर भरती होते. मार्चमध्ये विचारलंत तर गाडी सुटलेली असते, आणि कोणी राजीनामा दिला तरच खुर्ची मोकळी होते. परदेशात मुख्य कार्यालय असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असू शकतं. त्यांच्याकडे हीच धावपळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. हे पहिल्याच महिन्यात एचआरला सहज विचारता येतं.

तीन महिन्यांच्या कामात आठवा-नववा आठवडा योग्य. तोवर एक तरी गोष्ट चालू होऊन दिसायला हवी, आणि तुम्ही गेल्यावर ती कोण चालवणार हा प्रश्न त्यांच्या मनात यायला हवा. सगळं इतकं नीट लिहून, शिकवून देणं की तुमची गरजच उरू नये, हे कन्सल्टंट म्हणून उत्तम आणि उमेदवार म्हणून घातक. माहिती दडवा असं नाही. पण हस्तांतराच्या कागदात "हे पुढे रोज कोणी पाहायचं" हा रकाना ठेवा आणि तो रिकामा दिसू द्या.

तोंडी बोलल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल:

"सर, माझा पीओ ३० सप्टेंबरला संपतो. स्टॉक जुळवणीचं काम तोपर्यंत पूर्ण होईल. त्यानंतर रोजची देखरेख आणि दोन नवीन गोदामं जोडणं बाकी राहील. या कामासाठी ऑन रोल यायची माझी तयारी आहे. हेडकाउंट आहे का आणि मंजुरीला किती दिवस लागतील, हे १० सप्टेंबरपर्यंत कळलं तर दुसरीकडच्या कामाला तसं उत्तर देता येईल."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. तारीख मात्र हवीच. तारखेशिवायचा मेल "बघू"च्या खड्ड्यात जातो. आणि उत्तराची वाट पाहत पीओ संपल्यावर काम चालू ठेवू नका. संपलेल्या पीओवरचं बिल सिस्टीम घेतच नाही, मागच्या तारखेचा पीओ काढायला फायनान्स तयार होत नाही, आणि नोकरी हवी असलेला माणूस त्या पैशासाठी भांडूही शकत नाही.

थर्ड पार्टी पेरोल

हेडकाउंट नाही, पण माणूस हवाय, अशा वेळी हा तोडगा निघतो. ऑफर लेटरवर लेटरहेड एजन्सीचं, बसायचं कंपनीत, गळ्यातल्या आयकार्डाची पट्टी वेगळ्या रंगाची. याला सरसकट वाईट म्हणू नये. पगाराची स्लिप मिळते, फॉर्म १६ (पगारावर कापलेल्या कराचा दाखला) मिळतो, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) चालू राहतो. ठाण्यात किंवा खारघरला घर घ्यायच्या बेतात असाल तर याला मोल आहे: पगारदाराकडे बँक काही महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मागते, स्वतंत्र व्यावसायिकाकडे बहुधा दोन-तीन वर्षांची रिटर्न. सहा महिन्यांपूर्वी कन्सल्टिंग सुरू केलेल्याचं गृहकर्ज तिथेच अडतं.

तीन गोष्टी तपासा. एजन्सी तिचा सेवा आकार कंपनीकडून घेते की तुमच्या पगारातून कापते? पगारातून कापत असेल तर तिथूनच परत या. दुसरं, पीएफ. स्लिपवर कपात दिसणं पुरेसं नाही. मागच्या महिन्याचा भरणा १५ तारखेपर्यंत करायचा असतो, तेव्हा तो ईपीएफओच्या पासबुकात दिसेपर्यंत दोन महिने लक्ष ठेवा. तिसरं कलम सर्वात महत्त्वाचं आणि ते तुमच्या नव्हे, कंपनी-एजन्सी करारात असतं: माणूस रोलवर घेतला तर कंपनीने एजन्सीला किती द्यायचं. एक-दोन पगारांइतकी रक्कम असेल, तर वर्षभरानंतरही तुम्हाला घेताना फायनान्स नाक मुरडणार. काही करारांत ठरावीक महिन्यांनी ही रक्कम शून्य होते. तेवढे महिने विचारून ठेवा.

सुरुवातीचं कन्सल्टिंगच एजन्सीमार्फत आलं असेल तर तुमच्या करारातही "ग्राहकाकडे थेट नोकरी करणार नाही" असं असू शकतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे करार संपल्यानंतर माणसाला नोकरीधंद्यापासून अडवणारी अट सहसा टिकत नाही. पण कोर्टात काय टिकतं यापेक्षा कंपनीच्या एचआरला झंझट नको असते हे खरं. एजन्सीकडून लेखी ना-हरकत घेणं वकिलापेक्षा स्वस्त.

रिटेनर कोणाला शोभतो

ज्यांच्याकडे आधीच दुसरा ग्राहक आहे त्यांना. घोडबंदरवर कासारवडवलीला राहून महाप्याला आठवड्यातून दोनदा जाणं आणि पाच दिवस साडेनऊला पंच करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्टेशन गाठेपर्यंतच तास जातो, मग ट्रान्स-हार्बर. फी थोडी कमी असली तरी मोकळे तीन दिवस दुसरीकडे विकता येतात. ऑन रोल झालात की बाहेरच्या कामावर बहुतेक नियुक्तिपत्रांत बंदीच असते.

रिटेनर घेणार असाल तर उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करून टाका, ती मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. "बिल मिळाल्यापासून ९० दिवस" ही ओळ तिथे चालत नाही. थकबाकी ठेवली तर पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये तुमचं बिल अचानक सगळ्यांना आठवतं.

ऑन रोल ठरलं तर

घासाघीस सीटीसीवर करण्याआधी चार तपशील मागा. पीएफ पूर्ण बेसिकवर की १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८००? दुसऱ्यात हातात जास्त येतं, साठतं कमी. व्हेरिएबल पहिल्या वर्षी प्रमाणात मिळणार का? रुजू होण्याची तारीख पुढच्या पगारवाढीत धरली जाणार का? अनेक कंपन्यांत १ ऑक्टोबरला किंवा त्यानंतर आलेल्याला एप्रिलची वाढ नसते; पीओ सप्टेंबरअखेर संपत असेल तर तीन दिवस आधी रुजू होणं एका वाढीइतकं मोलाचं. आणि प्रोबेशन: त्यांनी तुम्हाला तीन महिने पाहिलंय, तेव्हा सहाचं तीनवर आणा. हे सहसा मान्य होतं, कारण यात कोणाचे पैसे जात नाहीत. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर तोही याच वेळी ६० वर मागा. सही झाल्यावर कोणी ऐकत नाही.

शेवटचं बिल रुजू होण्याआधी मंजूर करून घ्या, कारण कर्मचारी झालात की तुमचा व्हेंडर कोड (पुरवठादार क्रमांक) बंद केला जातो. कन्सल्टंटला रिलिव्हिंग लेटर नसतं, म्हणून काम पूर्ण केल्याचं तारखांसह पत्र लेटरहेडवर मागा. पुढच्या नोकरीच्या पडताळणीत हे तीन महिने नाहीतर रिकामे दिसतात. त्या वर्षी फॉर्म १६ए (फीवर कापलेल्या कराचा दाखला) आणि फॉर्म १६ दोन्ही येतील. पगार विभाग फक्त पगारावर कर कापतो. कन्सल्टिंगची कमाई रुजू होतानाच त्यांना लेखी कळवा, नाहीतर दोन्ही मिळून स्लॅब वर सरकतो आणि फरक व्याजासकट रिटर्नच्या वेळी भरावा लागतो.