बंगळुरूची लालबाग: जानेवारीत, मार्चमध्ये की पावसाळ्यात?

पुण्या-मुंबईहून बंगळुरूला येणारी मंडळी लालबागेचा बेत बहुतेक वेळा २६ जानेवारी नाहीतर १५ ऑगस्टच्या जोडून आलेल्या सुट्टीत आखतात, कारण तेव्हा फुलांचं प्रदर्शन असतं. प्रदर्शनच बघायचं असेल तर प्रश्न मिटला. पण २४० एकरांची ही बाग मुळात झाडांची आहे. हैदर अलीने १७६० मध्ये ती लावायला घेतली, टिपूने वाढवली, आणि तेव्हापासून जगभरची झाडं इथे येऊन रुजत राहिली आहेत. ती झाडं निवांत बघायची तर प्रदर्शनाचे दिवस टाळलेलेच बरे. एकदाच येणं जमणार असेल तर मी मार्चचा पहिला पंधरवडा सांगेन. दुसरी पसंती जुलै. भर पावसाळ्यात बाग कसली बघायची, असं वाटेल, पण त्याचं कारण पुढे येतं.

आधी जानेवारी, कारण खरी चुरस जानेवारी आणि मार्चमध्येच आहे. हवा विचाराल तर जानेवारीला तोड नाही. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, दुपारीही ऊन सोसवतं. प्रदर्शन साधारण दहा-बारा दिवस चालतं. काचेच्या ज्या मंडपात ते भरतं, त्या ग्लास हाउसची पायाभरणी १८८९ ची. मधोमध फुलांनी मढवलेली एखादी भव्य प्रतिकृती असते, भोवती कुंड्यांच्या रांगा, बाहेर रोपांचे आणि खाण्याचे स्टॉल. लहान मुलं हरखून जातात. घरी कुंड्यांचा नाद असलेल्यांनाही बघण्यासारखं पुष्कळ असतं. मात्र मढवलेली फुलं कापलेली असतात, त्यामुळे जायचंच तर सुरुवातीच्या दिवसांत, आठवड्याच्या मधल्या वारी आणि दार उघडताच जा. सुट्टीच्या दिवशी फाटकापासून रांग लागते, आत गेल्यावर माणसांच्या लोंढ्याबरोबरच पुढे सरकावं लागतं. गाडी नेऊच नका. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर लालबाग नावाचं स्टेशनच आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना या गर्दीत आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि झाडं? जानेवारीत काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी लगडू लागते, गुलाबी टॅबेबुया या कर्ण्यासारख्या फुलांच्या परदेशी झाडाचाही एक बहर असतो. म्हणजे झाडांकडे बघण्यासारखं काही नसतं असं मुळीच नाही. पण काटेसावरीखाली दहा मिनिटं मान वर करून उभं राहिल्याशिवाय फुलांवर चालणारी साळुंक्यांची, कावळ्यांची आणि खारींची वर्दळ दिसत नाही, आणि प्रदर्शनाच्या गर्दीत ती दहा मिनिटं मिळत नाहीत. प्रदर्शन सुरू होण्याआधी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलात, तर मात्र हाच महिना मार्चच्या तोडीस तोड ठरतो.

मार्चमध्ये काय मिळतं? तळ्याच्या काठाला गुलाबी टॅबेबुया फुललेला असतो आणि पहाटे वारा नसेल तर सगळा रंग पाण्यातही उतरतो. पिवळा टॅबेबुया त्याच्या थोडा आगेमागे. पान एक नाही, नुसता हळदी रंग. नीलमोहराचा जांभळा सडा वाटेवर पडलेला असतो. सीतेच्या अशोकाचे केशरी गुच्छ थेट खोडाला आणि जून फांद्यांना चिकटून येतात, त्यामुळे ते बघायला मान वर करावी लागत नाही, नाकाशी येतात. पिंपळाची तांबूस पालवी आणि करंजाची कोवळी, चकचकीत पोपटी पानं याच दिवसांतली. पांढऱ्या सावरीच्या शेंगा तडकायला लागतात आणि खाली कापसाचे पुंजके पसरतात. एक पुंजका उचलून बघा: आत मिरीएवढी काळी बी असते, आणि धागा इतका गुळगुळीत की बोटांत ठरत नाही. या झाडाच्या बुंध्याला भिंतीसारख्या उभ्या आधारमुळांचे पंखे फुटलेले असतात, त्यांच्या बेचक्यात माणूस सहज मावतो.

हा रंगांचा क्रम निव्वळ योगायोगाने जुळलेला नाही. कोरड्या दिवसांत पानं टाकून देणारी झाडं पालवीच्या आधीच फुलून घेतात. पानांचा आडोसा नसल्याने पक्ष्यांना आणि कीटकांना फुलं लांबून दिसतात. एवढं निसर्गाचं. बाकीचं श्रेय माणसांचं. जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुंबिगेल आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते म्हैसूर संस्थानात आले. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याने फुलावं, अशा हिशेबाने झाडं लावण्याची रीत त्यांनी बंगळुरूत रुजवली. बडोद्याच्या बागा पाहिलेल्या मराठी माणसाला लालबागेत हे नातं आठवून बरं वाटतं.

मार्चची खोट दोन गोष्टींत. एक म्हणजे बहराची तारीख कोणी देऊ शकत नाही. मागच्या पावसावर आणि थंडीवर ती दहा-पंधरा दिवस पुढेमागे होते. गुलाबी टॅबेबुयाच्या एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवून विमानाचं तिकीट काढू नका. एक ओसरलं असेल तर दुसरं चालू असतं, हीच तर इथली गंमत. दुसरी खोट उन्हाची. पारा तेहतिशीला टेकतो, म्हणून सकाळी सहाला आत आणि नऊ-साडेनऊला बाहेर. विशेषतः बागेतला तो प्रसिद्ध खडक सकाळीच चढून घ्यावा. सुमारे ३०० कोटी वर्षं जुना नाइस (gneiss) जातीचा हा खडक राष्ट्रीय भूवारसा मानला जातो. त्यावर बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाचा बुरूज आहे, माथ्यावरून शहर चौफेर दिसतं. दुपारी तो असा तापतो की बसवत नाही.

एप्रिल-मे मी महाराष्ट्रातून येणाऱ्यांना मुद्दाम सुचवत नाही. बहावा, गुलमोहर, सोनमोहर, ताम्हण हे सगळं तेव्हा इथे जोरात असतं, पण ते तुमच्या गावच्या रस्त्यावरही असतं, त्यासाठी एवढा प्रवास कशाला? मुलांना सुट्टी तेव्हाच म्हणून यायचं असेल तर गोष्ट वेगळी. विदर्भातून येणाऱ्यांना इथला उन्हाळा थंडच वाटेल, आणि बऱ्याच वर्षी मे-जूनच्या सुमारास बागेत आंब्या-फणसांचा मेळा भरतो. फक्त संध्याकाळी आभाळ भरून आलं की मोठ्या झाडांखालून निघा. वळवाच्या वाऱ्याने फांद्या कोसळतात आणि त्यात माणसं जखमी होतात.

आता जुलै. मुंबई-कोकणातल्या पावसाच्या हिशेबाने बंगळुरूच्या जुलैला पाऊस म्हणवतच नाही. आभाळ दिवसभर झाकोळलेलं, वारा सतत, अधूनमधून भुरभुर. शहर ९०० मीटर उंचीवर आहे, आणि इथला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. म्हणून जुलैत भर दुपारी बारालाही बागेत चालता येतं, जे मार्चमध्ये अशक्य. फुलं कमी असतात हे खरं. पण झाडाचा आकार, साल, फांद्यांची ठेवण शिकायची असेल तर यासारखे दिवस नाहीत. ओल्या सालीचा रंग गडद होतो, पोत उठून दिसतो. ख्रिसमस ट्री म्हणून आपण ओळखतो ते अरोकेरिया बघून घ्या. त्यातली कुक पाइन ही जात विषुववृत्ताच्या दिशेला झुकते, असं पाच खंडांतल्या झाडांची मापं घेऊन २०१७ मध्ये मांडलं गेलं. बंगळुरू विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे इथली झाडं दक्षिणेकडे कलायला हवीत. फोनवरचं होकायंत्र उघडून मुलांना हे तपासायला लावा, अर्धा तास कसा जातो कळत नाही. खडक मात्र ओला असेल तर चढू नका, शेवाळावरून पाय सटकतो.

ऑगस्टच्या प्रदर्शनाला जानेवारीचेच नियम लागू, वर चिखल. ते संपल्यावर सप्टेंबरच्या आसपास कोल्व्हिलियाचे नारिंगी घोस येतात. मादागास्करचं हे झाड आपल्याकडे क्वचितच दिसतं, त्यामुळे ऑफिसच्या कामाने त्या दिवसांत बंगळुरूला येणं झालंच तर छत्री घेऊन एक सकाळ काढाच. नोव्हेंबर-डिसेंबर सुखाचे, बुचाच्या फुलांचा वास, गुलाबी टॅबेबुयाची सुरुवात आणि गर्दी बेताची.

जातीने झाडं ओळखायची असतील तर कोणत्याही ऋतूत दोन सकाळी राखून ठेवा. बऱ्याच झाडांवर शास्त्रीय नावाच्या पाट्या आहेत, मराठी नावं तुम्हाला जोडावी लागतील. पहिल्या सकाळी मेट्रोकडच्या पश्चिम फाटकातून शिरून तळं गाठा. दुसऱ्या सकाळी ग्लास हाउस आणि खडक करून उत्तरेच्या मुख्य फाटकाने बाहेर पडा. एमटीआर हे नावाजलेलं उपाहारगृह तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि रविवारी नऊनंतर तिथे टेबल मिळायला बराच वेळ थांबावं लागतं.