पेक्टिनेज पावडर: द्राक्षापासून पेरूपर्यंत दहा महिन्यांचा वापर

फेब्रुवारीत पहिलं पाकीट आणलं. आता डिसेंबर सरत आलाय आणि तिसरं पाकीट निम्म्यावर आलंय. आम्ही चौघी मिळून पंचवटीत फळांचा रस काढून बाटल्या भरतो. हंगामात दिंडोरीकडून द्राक्षाचे सुटे मणी स्वस्तात मिळतात, घडातून गळालेले असले तरी गोडीला कुठे कमी नसतात. अडचण एकच, रस गढूळ. मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळला तरी आठवड्याभरात बाटलीच्या तळाशी चिकट साका बसायचा आणि गिऱ्हाईक बाटली उजेडात धरून विचारायचं, "ताई, खराब तर नाही ना झाला?"

हा गढूळपणा पेक्टिनमुळे येतो. फळाच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा हा लांब साखळीचा पदार्थ रसात उतरतो आणि बारीक कणांना खाली बसू देत नाही. पेक्टिनेज ती साखळी तोडतं. शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकर म्हणतात, त्यांतलंच हे एक. साखळी तोडताना ते स्वतः खर्ची पडत नाही, एक झाली की दुसरीकडे वळतं. म्हणून दहा लिटरला चिमूटभर पावडर पुरते.

पहिल्या खेपेला मात्र बारा लिटर रस तसाच गढूळ राहिला. रस उकळत आणला, गॅस बंद केला आणि लगेच पावडर ढवळली. दोन तास झाले, रात्र गेली, काही फरक नाही. पावडर बनावट आहे असं समजून मी दुकानदाराला फोनवर बरंच बोलले. चूक आमची होती. विकर म्हणजे प्रथिन. त्याची घडी ठरावीक आकारात बसलेली असते आणि त्या आकारातल्या खाचेत पेक्टिन अडकतं तेव्हाच तुटतं. उकळत्या रसात ती घडी उलगडते. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे.

मग थर्मामीटर घेतला. माझ्या मते या कामात पावडरीपेक्षा त्याचंच मोल जास्त. रस 45 ते 50 अंशांवर धरला, झाकण ठेवलं, हात लावला नाही. पाऊण तासाने पातेल्याच्या काठाशी कणांचे पुंजके दिसायला लागले आणि मधे स्वच्छ पट्टा पडला. दोन तासांत साका तळाशी गेला. वरचा रस नळीने अलगद काढला तर ग्लासामागची खिडकी दिसत होती! काम झालं की रस 85 अंशांपर्यंत तापवतो. विकर तिथेच थांबतं आणि बाटलीही टिकते.

पुढे पावडर गाळलेल्या रसाऐवजी कुस्करलेल्या मण्यांतच घालायला लागलो. दहा किलोला साडेपाच लिटर निघायचा, तो साडेसहाच्या पुढे गेला आणि चोथा कोरडा पडला. शरद सीडलेसच्या सालीतला रंगही गडद उतरला.

जूनमध्ये जांभळाने दमवलं. तोच थर्मामीटर, तेवढीच पावडर, पण वेळ जवळजवळ दुप्पट. जांभळातला तुरटपणा म्हणजे टॅनिन. ते प्रथिनाला चिकटतं आणि विकराचं काम मंदावतं. पावडर थोडी वाढवली तेव्हा जमलं. आंबटपणाचंही तसंच आहे. हे विकर बुरशीपासून काढलेलं असतं आणि त्याला आंबटसर रसच मानवतो, त्यामुळे द्राक्षाला काही करावं लागत नाही. पेरूचा गर कमी आंबट असेल तर लिंबू पिळतो. गर पातळ होतो आणि चाळणीतून उतरतो.

आता नाशिकच्या थंडीबद्दल. परवा पेरूचा गर पावडर घालून रात्रभर ओट्यावरच राहिला. सकाळी मोजला तर 12 अंश, आणि गर होता तसा घट्ट. मी घाबरलेच. पण तोच गर कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून 45 वर आणला आणि दोन तासांत सुटला. गारठ्यात विकर मरत नाही, आखडून बसतं. त्याला सोसवेल तेवढ्या उबेत, दर दहा अंशांमागे वेग साधारण दुप्पट होतो.

तक्रार आहे ती पाकिटाबद्दल. पावडरीची ताकद किती युनिट, कुठल्या तापमानाला वापरायची, काहीच छापलेलं नाही. मे महिन्यात गॅसशेजारच्या फळीवर राहिलेलं दुसरं पाकीट जूनपर्यंत निम्म्याने मंदावलं होतं. तिसरं कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आहे.

पेक्टिन उरलंय का हे पाहायचं असेल तर चमचाभर रसात दुप्पट स्पिरिट घालून पाच मिनिटं थांबा. जेलीसारखे धागे दिसले तर रस अजून तासभर उबेत ठेवा. तो नमुना मात्र मोरीत ओतून टाका, प्यायचा नाही.

फेब्रुवारीत दिंडोरीचे मणी पुन्हा येतील. यंदा पहिल्या दिवसापासून सालीसकट कुस्करून घालणार आहोत, आणि त्यासाठी मोठं पातेलं आत्ताच घेऊन ठेवलंय.