परवाना खिडकी: कागद नीट बघणारी माणसं

शिवणकामाच्या छोट्या दुकानासाठी या परवाना कार्यालयातून व्यवसाय परवाना काढला. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेण्याआधी भाडेकरार उघडला आणि जागेचा वापर 'व्यावसायिक' लिहिलाय का, ते ओळीवर बोट ठेवून पाहिलं. हे फार मोलाचं आहे, कारण निवासी जागेवरचे अर्ज बहुतेकदा तिथेच अडकतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी अग्निशामक नळकांड्याची मुदत वाचली, मागच्या दाराशी रचलेले कापडाचे गठ्ठे तिथल्या तिथे हलवायला लावले. बरोबरच केलं, आग लागली तर बाहेर पडायला तेवढीच वाट. ऑनलाइन अर्ज मात्र वैताग आणतो. कागदपत्रं अपलोड करताना पान बंद पडतं, भरलेलं सगळं जातं. सरळ खिडकीवर जा. परवाना हातात पडला की नूतनीकरणाची तारीख बघा, ती खाली बारीक अक्षरात असते.