सोप्या मराठीतलं बायबल: अकरा महिने, एक फीत आणि सुटलेला फर्मा

काही दिवसांपूर्वी रात्री प्रार्थनेच्या वेळी आईच्या मांडीवर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची सोळा पानं पडली. एक-दोन नाही, अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा. पुस्तक अकरा महिन्यांचं. म्हणून हे लिहायला बसलोय. अर्धा मजकूर खरं तर डिसेंबरमध्येच लिहून ठेवला होता आणि त्यात पुस्तकाचं तोंडभर कौतुक आहे. ते खोडत नाही, कारण त्यातलं बरंचसं अजूनही खरं आहे.

गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरातलं जुनं 'पवित्र शास्त्र' आजोबांच्या वेळचं, अक्षर मुंगीएवढं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना ताण नको. ऑगस्टमध्ये एका रविवारच्या उपासनेनंतर तिला मोठ्या अक्षरांचं घेऊन द्यायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी कुर्ल्याहून लोकल पकडून फोर्टात गेलो. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे भांडण आहे.

दुकानात दोन पर्याय होते. जुन्याच भाषांतराची मोठ्या अक्षरांची प्रत ७८० रुपये, शिवलेलं बाइंडिंग, वजन साधारण पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याएवढं. दुसरी सोप्या मराठीतली, तीही मोठ्या अक्षरांची म्हणून, ३९० रुपये, वर चेनचं कव्हर आणि एक लाल खूणफीत. बरोब्बर निम्मी किंमत. बायबल सोसायट्यांची बायबलं देणग्यांच्या आधारावर छपाईच्या खर्चाहूनही स्वस्त विकली जातात, त्यामुळे स्वस्त म्हणजे कमअस्सल असं मी कधीच धरत नाही. ३९० वालं घेतलं आणि वाचलेल्या पैशांत दोघांनी कोलंबी खाल्ली.

इथून डिसेंबरचा मजकूर.

नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं मला या पुस्तकात पहिल्यांदा कळली. जुन्या भाषांतरात पौलाचं वाक्य कुर्ल्याला चढलं की दादरपर्यंत उतरत नाही. दोष भाषांतरकाराचा नव्हे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. जुन्यांनी ते प्रामाणिकपणे ओढून आणलं. सोप्या भाषांतरात त्याचे तुकडे केलेत, प्रत्येक तुकड्याला कर्ता आहे, क्रियापद आहे आणि 'त्यांस', 'ज्यास' यांची गर्दी नाही. रोमकरांस पत्र मी एका आठवड्यात संपवलं. भगिनी मंडळात आईने एक उतारा यातून वाचला, तर शेजारच्या बाईंनी विचारलं, हे आपलंच बायबल आहे ना?

हीच अडचण पंडिता रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. आपल्या बायकांना कळेल अशी मराठी हवी म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला सगळं बायबल मुळातून मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पुस्तकरूपात आलं. एवढ्या विदुषीने 'सोपं' या शब्दाला कमी लेखलं नाही. आमच्या मंडळीतले काही वडीलधारे मात्र सोपं भाषांतर दिसलं की असा चेहरा करतात जणू चहात मीठ पडलंय.

डिसेंबरपर्यंतच्या तक्रारी दोनच. पहिली, कागद. बायबलचा कागद पातळच असतो, नाहीतर ६६ पुस्तकं एका जिल्दीत बसायची कशी. पण ट्यूबलाइटखाली मागच्या पानाची अक्षरं पुढे डोकावतात. मुलीच्या क्राफ्टच्या सामानातला काळा कागद वाचायच्या पानामागे सरकवला आणि फरक लगेच दिसला. दुसरी, 'मोठं अक्षर' ही थाप आहे. अक्षर मोठं केलं पण दोन ओळींमधली जागा तेवढीच ठेवली, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. रोमन अक्षरांत हे खपून जातं, देवनागरीत नाही. दुकानात उभं राहून चार ओळी वाचून बघा, नुसता अक्षराचा आकार बघून भुलू नका.

आणि फीत. फीत एकच का? ज्याने कोणी रोज बायबल वाचलंय त्याला ठाऊक आहे की किमान दोन लागतात, एक जुन्या करारात आणि एक नव्यात. एका फितीला येतो किती खर्च? आई आणि मी एकच पुस्तक वाचायचो. ती रात्री फीत स्तोत्रांत ठेवायची, मी सकाळी ती काढून जुन्या करारातल्या 'गणना' या पुस्तकात ठेवायचो आणि रात्री परत बोलणी खायचो. मी ठरवलं होतं की वर्षभरात सगळे १,१८९ अध्याय वाचायचे, म्हणजे दिवसाला तीनहून थोडे जास्त. त्यात फितीवरून भांडण. शेवटी ख्रिसमसच्या केकच्या खोक्याची सोनेरी रिबन वापरायला लागलो, ती दर दोन दिवसांनी गळून पडायची.

इथे डिसेंबर संपला. तेव्हा हे टाकलं असतं तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते, अर्धा फितीसाठी कापून.

जानेवारीनंतर मला दिसायला लागलं की आई नव्या पुस्तकातून पत्रं वाचते, शुभवर्तमानं वाचते, पण स्तोत्रं वाचताना अडखळते. चाळीस वर्षं जे पाठ आहे त्यातले शब्द बदलले की जिभेला ठेच लागते. तेविसावं स्तोत्र तिला झोपेतही येतं: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.' नव्यात त्याच वाक्याचं लांबलचक, समजूत घातल्यासारखं वाक्य झालंय. मी म्हटलं, "आई, अर्थ तोच आहे." ती म्हणाली, "अर्थ तोच आहे रे, पण हे 'उणे' घालवलं ना. तुझे बाबा गेले त्या साली दर महिन्याच्या एक तारखेला मी तेवढं एकच वाक्य म्हणायचे." यावर भाषांतरशास्त्र चालत नाही. ती पुस्तक समोर नवीन उघडायची आणि डोळे मिटून जुनं म्हणायची.

तेव्हा माझं मत बदललं. गद्याला सोपं भाषांतर, पद्याला जुनं. 'येशू रडला' हे वचन कोणीही भाषांतर करो, दोनच शब्द राहतात. सगळी भांडणं स्तोत्रांत आणि नीतिसूत्रांत आहेत. मधल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' लायब्ररीतून आणलं होतं. मला ती मराठी फार आवडली, पण ते टेबलावर ठेवून निवांत वाचायचं पुस्तक, रात्री मांडीवर घेऊन चार वचनं वाचायचं नाही. एक सूचना कॅथलिक वाचकांसाठी. आमच्या मजल्यावरच्या वसईच्या काकूंनी माझं बघून हेच ३९० वालं घेतलं आणि मग तोबित आणि मक्काबी ही पुस्तकं शोधत बसल्या. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, आपल्या प्रोटेस्टंट छपाईत ६६. घेण्याआधी अनुक्रमणिका बघा.

मोबाइल ॲपचं म्हणाल, तर फुकट आहे, मराठीतली दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून बघता येतात आणि लोकलमध्ये मी तेच वाचतो. आईला दिलं होतं. चौथ्या दिवशी ती वचन उघडायला गेली आणि मेहुणीच्या लग्नाचा व्हिडिओ लागला. फोन परत.

आता तो सुटलेला फर्मा. मी लगेच फितीला दोषी ठरवलं. आई पुस्तक फितीला धरून उघडते, फीत पाठीला नुसती चिकटवलेली, रोज ओढ बसून डिंक सुटला, हा माझा सिद्धांत. तावातावाने दुकानात गेलो. काउंटरवरचा म्हणाला, "साहेब, वापरलेलं पुस्तक बदलून मिळत नाही."

"मग बायबल वापरायचं नाही तर काय शोकेसमध्ये ठेवायचं?"

"अकरा महिने झाले, साहेब."

"आजोबांचं साठ वर्षं चाललं."

त्याने छापणाऱ्यांचा नंबर दिला. तिथे एका बाईंनी फोटो पाठवा म्हणून सांगितलं, फोटो पाठवले, दोन निळे टिक आले, संपलं.

गिरगावात एका जुन्या बाइंडर काकांकडे नेलं. त्यांनी पुस्तक मधोमध उघडून पाठ माझ्यासमोर धरली. "शिलाईच नाहीये. फर्म्यांच्या पाठी कापून नुसत्या चिकटवल्यात. स्तोत्रं पुस्तकाच्या बरोबर मध्ये येतात, रोज तिथेच उघडणार, तिथेच फुटणार. त्यात पावसाळा." मी विचारलं, "आणि फीत?" काकांनी चष्म्यावरून बघितलं. "फितीचा काय संबंध?"

मला अजूनही वाटतं थोडा आहे.

त्यांनी पाठ साफ करून, आरपार भोकं पाडून दोऱ्याने शिवलं, वर जाळीचं कापड आणि नवा पुठ्ठा चढवला. आतल्या बाजूचा समास थोडा गेला, पुस्तक आता पूर्ण सपाट उघडत नाही. ३५० रुपये झाले. ३९० आणि ३५०, म्हणजे ७४०. चाळीस रुपये जास्त टाकले असते तर शिलाईवालं, जुन्या भाषांतराचं, 'उणे' असलेलं बायबल पहिल्याच दिवशी घरी आलं असतं. कोलंबीचा हिशोब मी यात धरलेला नाही.

तरी मी हे टाकून देणार नाही. पत्रांसाठी याला पर्याय नाही, आणि आता स्तोत्रांसाठी आजोबांचं पुस्तक भिंगासकट उशाशी असतं. काकांना सांगून दोन फिती लावून घेतल्या, दहा रुपये वेगळे. लाल आईची, ती इफिसकरांपासून पुढे सरकत सरकत आता याकोबाच्या पत्रात पोचलीय. हिरवी माझी. ती गणनाच्या चौथ्या अध्यायात, कहाथी आणि गेर्षोनी या घराण्यांपैकी कोणी पवित्र मंडपाचं काय उचलायचं त्या पानावर आहे, आणि माझी खूण मार्चमध्येही तिथेच होती.