सायकलवर रोजची पँट: तीन प्रकार वापरून पाहिल्यावर

सायकलसाठी जीन्स घ्यायची असली की दुकानात मी ती सगळ्यात आधी उलटी करते. रंग, खिशांची नक्षी, कंबरेचं लेबल हे सगळं नंतर. दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी आणि आसनाची पुढची-मागची शिवण जिथे एकत्र येतात, तिथे कापडाचे थर एकावर एक बसून एक गाठ तयार होते. ती अंगठ्याने दाबून बघते. चालताना ही गाठ जाणवतसुद्धा नाही, पण सायकलच्या सीटवर बसलं की ती थेट अंगाखाली येते आणि पँट झिजायला सुरुवातही तिच्या आजूबाजूलाच होते.

मी कामावर सायकलने जाते आणि पोचल्यावर कपडे बदलत नाही. ज्या पँटवर पेडल मारलं तीच घालून दिवसभर लोकांसमोर बसते, त्यामुळे पॅडच्या घट्ट शॉर्ट्सचा मला उपयोग नाही. आजवर तीन प्रकार मी नेमाने वापरलेत: न ताणणारी जाड सुती जीन्स, थोडं इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, घातलेली जीन्स, आणि खास सायकलस्वारांसाठी शिवलेली नायलॉनची ट्राउझर.

जाड जीन्सबद्दल लोकांचा समज असतो की ती कशालाही पुरून उरते. 20 मे 1873 रोजी लिव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना ज्याचं पेटंट मिळालं, ते होते पँटच्या शिवणी उसवू नयेत म्हणून मारलेले धातूचे रिव्हेट. अंगमेहनत करणाऱ्यांच्या पँटी खिशाच्या कोपऱ्यांवर फाटायच्या, म्हणून मजबुती तिथे आली. सायकलवर ताण पडतो तो आसन, मांडीची आतली बाजू आणि गुडघा इथे, आणि साध्या जीन्समध्ये या जागा तशाच सोडलेल्या असतात. मिनिटाला 70 फेरे धरले तर अर्ध्या तासात प्रत्येक मांडी सीटच्या नाकाडाला 2,100 वेळा घासून जाते. 14 औंसाचं डेनिम, म्हणजे चौरस मीटरला साधारण पावणेपाचशे ग्रॅम वजनाचं कापड, ही घासाघीस बराच काळ सोसतं, हे मी आनंदाने मान्य करते. पण पाय वर आला की गुडघ्यावर कापड अडतं आणि प्रत्येक फेऱ्यात कंबर खाली ओढली जाते. चढावर तर आपण रस्त्याशी झगडतोय की पँटशी, तेच कळत नाही. पावसात भिजली तर संध्याकाळपर्यंत ओलीच राहते, कारण सुती धागा पाणी आत धरून ठेवतो. शिवाय नवं डेनिम रंग सोडतं. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या थरातच बसतो आणि घासला की निघतो. सीट फिकट रंगाची असेल तर ती निळी होणार हे धरूनच चाला.

दुसरी, ताणणारी जीन्स. लेबलवर 98 टक्के कापूस आणि 2 टक्के इलास्टेन. एवढ्याशा इलास्टेनने गुडघा मोकळा होतो आणि कंबर जागेवर राहते. पहिले काही आठवडे मी या जीन्सवर खूष होते. पण ताणणाऱ्या जीन्स बहुतेक वेळा पातळ कापडाच्या असतात आणि मांडीला चिकटून बसतात, त्यामुळे घासणं आणि ताण दोन्ही एकाच जागी येतात. माझ्या जीन्सला आसनाच्या शिवणीलगत आधी पांढुरके धागे दिसायला लागले, मग तिथेच फाटली. बाकीची पँट अगदी नव्यासारखी होती, याचाच जास्त राग आला. दुकानात तक्रार केली तर उत्तर मिळालं की हा ‘नेहमीच्या वापराचा’ परिणाम आहे. रोज सायकल चालवणं हा माझा नेहमीचाच वापर आहे! हा प्रकार घ्यायचाच असेल तर मांडीत सैल आणि पोटरीपासून खाली निमुळता घ्या. कापड बोटांत चोळून बघा. शर्टाच्या कापडासारखं पातळ लागलं तर तिथेच ठेवून द्या.

तिसरी ट्राउझर हातात घेतल्यावरच कळलं की शिवणाऱ्याला सायकलवरची बैठक ठाऊक आहे. आसनात चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा वेगळा तुकडा, घातली आहे, त्यामुळे चार शिवणी एका बिंदूत येतच नाहीत, त्या सीटवर टेकणाऱ्या जागेपासून बाजूला सरकल्या आहेत. मागची कंबर पुढच्यापेक्षा उंच आहे, म्हणून हँडलवर वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही. गुडघ्याला आधीच बाक दिला आहे. अशा कल्पना मोठ्या कंपन्यांनीही उचलल्या आहेत. लिव्हाइजने 2011 मध्ये सायकलस्वारांसाठी ‘कम्युटर’ नावाची जीन्स काढली, तिच्या कंबरेला कुलूप अडकवायची पट्टी होती आणि पायाची मोहरी वर दुमडली की आतली चमकणारी पट्टी दिसायची. चमक पायाच्या खालच्या टोकाला असणं फार कामाचं आहे. अंधारात वर-खाली होणारा पाय पाहिला की मागच्या चालकाला पुढे माणूस आहे हे पाठीवरच्या स्थिर पट्टीपेक्षा लवकर उमगतं.

नायलॉन लवकर वाळतं, मात्र उकाड्यात ते अंगाला चिकटतं आणि चालताना त्याचा सळसळ आवाज येतो. आणि खिसे! बायकांच्या पँटचे खिसे सायकलच्या दुकानातही उथळच. फोन ठेवून पेडल मारलं की तो हळूहळू वर सरकतो. मांडीच्या बाजूला चेनचा खिसा असलेली पँट मिळाली तर बाकी थोडं कमी-जास्त चालवून घ्यावं, इतकं मला त्याचं महत्त्व वाटतं.

ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघण्याचा काही उपयोग नाही. एक पाय स्टुलावर ठेवा, गुडघा छातीकडे घ्या, मग उकिडवे बसून दोन्ही हात पुढे करा. मागे कंबरेत फट पडली किंवा मांडीवर कापड ताठ झालं तर ती पँट तुमची नाही. बसल्यावर पाय वर सरकतो, तेव्हा उभ्याने घोट्यापर्यंत येणारी लांबी सायकलवर आखूडच पडते. उजव्या पायाची मोहरी विशेष बघा, सायकलची चेन त्याच बाजूला असते. रुंद असेल तर वेल्क्रोची पट्टी बांधावीच लागेल.

आज पुन्हा घ्यायची झाली तर मी कळी असलेली, मांडीत सैल, 12 औंसांच्या आसपासची जीन्स शोधेन आणि पावसाळ्यासाठी नायलॉनची ठेवेन. इलास्टेनवाली गरम पाण्यात किंवा ब्लीचमध्ये घालू नका, ताण मरतो. पाणी झटकणाऱ्या कापडाला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका. आसनापाशी कापड विरळ दिसायला लागलं की भोक पडायची वाट न बघता आतून जुन्या डेनिमचा तुकडा लावून घ्या. त्याच्या कडा दुमडू नयेत, नाहीतर तिथे नवी गाठ तयार होते. कडा मोकळ्या ठेवून त्यावर नागमोडी टीप मारायला सांगा.