म्हाताऱ्या शेफर्डचे सांधे: गोळी बरी की पातळ औषध?

शेफर्ड, लॅब्राडॉर थकले, मागचे पाय आखडले की डॉक्टर बहुधा दोनपैकी एक औषध सुचवतात: कार्प्रोफेनची गोळी नाहीतर पातळ मेलोक्सिकॅम. आमच्या शेरूला आधी एक दिलं, मग दुसरं. दोन्ही एकत्र कधीच द्यायची नसतात. बदलतानाही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मोकळे सोडावे लागतात.

आराम दोन्हींनी पडला. गोळीवर असताना तो सकाळी जरा लवकर मोकळा व्हायचा असं मला वाटे, पण हा माझ्या नजरेचा अंदाज.

माझं मन वळलं ते एका कटकटीमुळे. चवीची गोळी लॅब्राडॉर मागून खातो (म्हणूनच पाकीट उंच कपाटात ठेवा, सापडलं तर सगळं फस्त करेल). शेरू मात्र भाकरीच्या घासातली गोळी गालात धरायचा, भाकरी गिळायचा आणि कोपऱ्यात जाऊन गोळी टाकून यायचा. खाटेखाली झाडू फिरवला की ओलसर, कडा विरघळलेली गोळी निघायची. आजची की कालची? पुन्हा द्यावी तर डोस दुप्पट व्हायची भीती, न द्यावी तर रात्रभर कण्हणं. डोस दोन वेळांत विभागलेला, म्हणून हा घोर सकाळ-संध्याकाळ.

मेलोक्सिकॅम दिवसातून एकदाच. पहिला दिवस सोडला तर किलोमागे 0.1 मिलीग्रॅम, म्हणजे 35 किलोच्या कुत्र्याला 3.5 मिलीग्रॅम. एका मिलीत 1.5 मिलीग्रॅम असलेल्या बाटलीतून ते साधारण 2.3 मिली होतं. बाटली चांगली हलवायची, सिरिंजने मोजून दही-भाकरीवर सोडायचं. ताटली चाटून साफ झाली की औषध पोटात गेलं, विषय संपला. बरं वाटू लागलं की डॉक्टरांना विचारून डोस थोडा थोडा उतरवता येतो; गोळी फार तर अर्धी करता येते.

उणीवही आहे. भारी कुत्र्याला बाटली लवकर संपते आणि तालुक्याला नेहमी मिळेलच असं नाही, आम्ही जळगावहून आणतो. पण म्हणून माणसांची मेलोक्सिकॅम देऊ नका. तिची लहान गोळीही 7.5 मिलीग्रॅमची, म्हणजे शेरूच्या डोसच्या दुपटीहून जास्त. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर अजिबात नको.

आणि आपला खान्देशी मे महिना! पारा 45 कडे गेला की कुत्रं दिवसभर अन्नाला तोंड लावत नाही. ही औषधं खाल्ल्यावर दिलेली बरी. अंगातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडाला धोका वाढतो. ऊन उतरल्यावर एक जेवण, त्यातच एक डोस, हे गणित पातळ औषधाने सहज जमतं. सुरू करण्याआधी यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या. उलटी, काळी शी किंवा खाणं बंद दिसलं तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

तुमचा कुत्रा खादाड असेल तर गोळीच सुटसुटीत, प्रवासातही बरी. चोखंदळ असेल तर डॉक्टरांकडे आधी पातळ औषधाचं विचारून पाहा.