जुने गोवे : फोनवरची सहल उलटीकडून सुरू करा

जुने गोवे ही पोर्तुगीजांची जुनी राजधानी, पण फोंड्याहून पणजीला नोकरीला जाणाऱ्यांना ते म्हणजे गांधी सर्कलचा थांबा. कंडक्टर ओरडतो, चार पर्यटक उतरतात, आपण खिडकीतून बाहेर बघतो आणि बस पुढे जाते. यंदा कोल्हापूरचे मामा आले. ते एस.टी.तून निवृत्त झालेले कंट्रोलर, त्यांना कुणा गाइडच्या छत्रीमागे फिरायचं नव्हतं. म्हणून मी एका ॲपवरची श्राव्य सहल विकत घेतली. एकशे नव्व्याण्णव रुपये. ॲपचं नाव लिहीत नाही. तक्रारी त्यांना कळवल्या आहेत, सुधारणा झाली की नावासकट लिहीन.

आधी चांगलं सांगते. मराठीतला बाईंचा आवाज स्वच्छ आहे आणि वेगही बेताचा. घरच्या वायफायवर सगळं उतरवून घेतलं की तिथे नेट लागत नाही. एका फोनला दोन हेडफोन मात्र जोडता येत नाहीत, त्यामुळे आम्ही स्पीकरवर लावून चालत होतो आणि देवळात-चर्चमध्ये शिरताना बंद करत होतो.

खरी गोची क्रमाची आहे. ॲप तुम्हाला बॉम जीझस बाझिलिकेच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, दारात उभं करतं, तिथून से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस, मग म्युझियम, मग सेंट कॅजेटन. नदीवरची व्हाइसरॉयची, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीची, कमान त्याच्याही नंतर. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि निम्मे लोक शहाळ्याच्या गाड्यापाशी बसकण मारतात. मामांनी मात्र पहिल्याच चर्चच्या पायरीवर विचारलं, ''पोरी, ह्ये बंदराचं गाव म्हणतीस, मग जहाज लागायचं कुठं? माल उतरायचा कुठं? जकात कोण घ्यायचं?'' ॲपकडे उत्तर नव्हतं, कारण ॲपला ही चर्चची यादी वाटते. आम्ही तिथूनच वळलो आणि तडक नदीवर गेलो. तुम्हीही तेच करा. सहाव्या क्रमांकाचा ट्रॅक आधी लावा.

कमान मांडवीच्या काठाला तोंड करून उभी आहे. 1599 साली फ्रान्सिस्को द गामा या व्हाइसरॉयने ती उभी केली, पणजोबा वास्को द गामाच्या स्मरणार्थ. नदीकडच्या कोनाड्यात तो पणजोबा उभा आहे. खालून पलीकडे गेलात की शहराच्या बाजूला एक स्त्री आहे, हातात तलवार आणि पायाखाली आडवा पडलेला इथला माणूस. ॲपमधल्या बाई त्या पुतळ्यावरून एका वाक्यात पुढे जातात. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. आज दिसते ती कमान 1954 साली पुन्हा बांधलेली आहे, हेही ॲपने सांगितलेलं बरं झालं असतं, कारण लोक दगडाला हात लावून ''चारशे वर्षांपूर्वीचं'' म्हणत फोटो काढतात.

लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की याच वाटेने समारंभाने शहरात शिरायचा. त्याचा वाडा कमानीला लागूनच होता, पश्चिमेला काठाकाठाने जहाजं बांधायचा आणि दुरुस्तीचा कारखाना. आज यातलं काही उभं नाही. इथे माझी एक सूचना आहे. लिन्शोटन नावाचा डच माणूस 1583 ते 1588 गोव्यात होता, आणि त्याने 1596 साली छापलेला या शहराचा नकाशा नेटवर फुकट मिळतो. तो फोनमध्ये ठेवा आणि कमानीखाली उभं राहून उघडा. धक्का, वाडा, आणि तिथून आत गेलेला मुख्य रस्ता, रुआ दिरेता, सगळं जागच्या जागी बसतं. त्या रस्त्यावर रोज सकाळी लिलाव व्हायचा. इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून आलेले घोडे तिथे विकले जात आणि गुलाम माणसंही. घोड्यांवरची जकात ही पोर्तुगीजांची मोठी मिळकत होती, कारण विजयनगर आणि विजापूर दोघांनाही घोडे हवे असत. शिवाय या समुद्रात व्यापार करायचा तर जहाजाकडे पोर्तुगीजांचा परवाना लागायचा, त्याचे पैसे वेगळे. परवान्याचं ऐकून मामा खूश झाले. ''म्हंजे बिनपासाचं जहाज दिसलं की खाली उतरवत आसणार.'' उतरवत नसत, जहाजच ताब्यात घेत.

कमानीकडून सेंट कॅजेटनकडे चढताना डाव्या हाताला एक दार आहे आणि फक्त दार आहे. चौथरा, त्यावर दोन खांब, वर आडवा काळा दगड. बाकी काही नाही. हा आदिलशहाच्या वाड्याचा उरलेला दरवाजा. ॲपमध्ये त्याला अठरा सेकंद दिली आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण जुन्या गोव्यात पाहण्यासारखी हीच जागा. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी हे शहर विजापूरकरांकडून घेतलं, तेव्हा ते आधीपासूनच भरभराटीचं बंदर होतं. पोर्तुगीजांनी रानात शहर वसवलं असा समज ॲप ऐकून होतो, तो या खांबांपाशी उतरतो. खांबांवरचं कोरीव काम जवळ जाऊन बघा, एखाद्या देवळाच्या मंडपात शोभेल असं आहे. कुणी थांबत नाही, त्यामुळे निवांत बघता येतं.

चर्चबद्दल ॲप भरभरून बोलतं, म्हणून मी थोडक्यात आटोपते. से कॅथेड्रल प्रचंड आहे. त्याचा एक बुरूज 1776 साली पडला तो पुन्हा बांधलाच नाही, म्हणून समोरून ते तिरपं वाटतं. सेंट फ्रान्सिसच्या फरशीत बसवलेले थडग्यांचे दगड आवर्जून बघा, घराण्यांची चिन्हं पायाखाली येतात. शेजारचं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं. हे ॲपने सांगितलं नाही आणि आम्ही शुक्रवारीच गेलो होतो. व्हाइसरॉयांच्या तसबिरी बघायच्या राहिल्या.

बॉम जीझसमध्ये सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शव ठेवलेली चांदीची पेटी 1637 सालची, गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूककडून आला, तो 1698 मध्ये बसवला. इथला ट्रॅक ऐकताना मामा भडकले. ॲप म्हणतं, ''शत्रूने शहराला वेढले असता व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड संताच्या चरणी ठेवला.'' शत्रू कोण? 1683 च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या फौजेने समोरचं जुवे बेट घेतलं होतं आणि पोर्तुगीजांची पाचावर धारण बसली होती, तो हा प्रसंग. पुढे मोगली फौज कोकणात उतरली आणि मराठे माघारी गेले. मराठीत सहल विकता आणि नेमकं हेच नाव गाळता, हे मला पटलं नाही. दोन गुण इथेच कापले.

शेवटी टेकडीवर जा. सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा 46 मीटर उंच आहे, बाकी चर्च कोसळलं. 1842 साली छप्पर पडलं, 1931 साली दर्शनी भिंत गेली. याची घंटा पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे, आपण पणजीला जाणारे ती ऐकत असतो. जॉर्जियाची राणी केटेवान हिचे अवशेष याच ढिगाऱ्यात सापडले आणि 2021 साली ते जॉर्जियाला देण्यात आले. हा ट्रॅक ॲपमधला सगळ्यात चांगला, पूर्ण ऐका.

एवढं शहर ओस का पडलं, याचं ॲपचं उत्तर म्हणजे ''रोगराई''. ती होतीच. पण मांडवी गाळाने भरत गेली आणि डचांनी नदीचं तोंड अडवून धरलं, हेही होतं. व्हाइसरॉय 1695 मध्ये जवळच्या पणेलीला आणि 1759 मध्ये पणजीला राहायला गेला. राजधानी कागदोपत्री पणजीला आली 1843 मध्ये, आणि इथले पडके दगड तिकडच्या बांधकामाला गेले. मामांचं यावर एकच वाक्य : ''स्टँड हलवला की बाजार बसतोच की.'' ॲपने हे वाक्य घ्यावं.

पाचपैकी अडीच. ॲप घ्या, पण क्रम तुमचा लावा : कमान, दरवाजा, कॅजेटन, मग मोठी चर्चं, आणि टेकडी उतरत्या उन्हात. टेकडीवर पाणी मिळत नाही, बाटली भरून न्या. वेळ उरला तर कमानीपलीकडून समोरच्या दिवाडी बेटाची फेरीबोट पकडा, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही आणि नदीतून मागे बघितलं की बंदराची जागा का निवडली ते ॲपपेक्षा चांगलं कळतं. रविवारी सकाळी बाझिलिकेत मिस्सा असते, तेव्हा पर्यटकांनी जाऊ नये. आणि 24 नोव्हेंबरपासून 3 डिसेंबरच्या सायबाच्या फेस्तापर्यंत तर गाडी लावायला जागा मिळत नाही, बसने या.